‘व्यसनी तर पुरुषच, मग बायकांच्या मेंदूची चर्चा कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं असं, की आपल्याकडे दारुडे बहुतेक पुरुषच. तरी ‘स्त्रिया व्यसनात लवकर गुरफटतात’ असं मी माझ्या लेखात लिहिणं म्हणजे विज्ञानाच्या आडून बायकांना दुबळं ठरवणं.

पहिला भाग खराच आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणात दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के, स्त्रिया १.६ टक्के. पण प्यायला कोण लागतं हे पैसा, मोकळीक आणि लोकलाज ठरवतात. मी लिहिलं होतं ते त्यापुढचं: उपचाराला येणाऱ्या स्त्रियांची पिण्याची वर्षं पुरुषांपेक्षा कमी भरतात, तरी आजार तितकाच बळावलेला असतो.

यात दुबळेपणा कुठून आला? मिशिगन विद्यापीठाच्या जिल बेकर यांनी अंडाशय काढलेल्या उंदीर-माद्यांना इस्ट्राडिओल हे स्त्री-हॉर्मोन दिलं, तेव्हा अ‍ॅम्फेटामिन या उत्तेजक द्रव्यानंतर स्ट्रायटम या मेंदूच्या भागात डोपामिन (सुखाच्या ओढीशी जोडलेलं मेंदूतलं रसायन) जास्त सुटलं. नरांत तसा परिणाम दिसला नाही. माणसांत मात्र उलटही दिसतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २००६च्या पेट स्कॅन (मेंदूतल्या हालचाली टिपणारं चित्रण) अभ्यासात अ‍ॅम्फेटामिननंतर पुरुषांतच डोपामिन जास्त सुटलं होतं. तेव्हा ‘जास्त कोणाला?’ एवढंच विचारून भागत नाही. कुठे आणि कधी, तेही बघावं लागतं. येल विद्यापीठाच्या २०१४च्या अभ्यासात सिगारेट ओढताना पुरुषांचा प्रतिसाद व्हेंट्रल स्ट्रायटममध्ये (स्ट्रायटमच्या खालच्या भागात) झटकन उमटला, स्त्रियांचा पुटामेन या स्ट्रायटमच्याच दुसऱ्या भागातल्या एका तुकड्यात. माणसं अवघी सोळा, म्हणून त्यावर फार मोठा इमला मी रचणार नाही. पण निकोटिनचे पॅच (सिगारेट सोडण्यासाठी कातडीवर लावायच्या पट्ट्या) स्त्रियांना सरासरीने कमी लागू पडतात, हे चाचण्यांत दिसलेलं आहे, आणि ते सिगारेट सोडू पाहणाऱ्या बाईला ठाऊक असायला हवं.

मला खरा अन्याय वाटतो तो वेगळाच. मेंदूविज्ञानात फक्त नर प्राण्यांवरचे अभ्यास फक्त माद्यांवरच्या अभ्यासांच्या साडेपाचपट होते, असं २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात आढळलं. सबब काय, तर हॉर्मोनच्या चक्रामुळे माद्यांची मोजमापं फार बदलतात. २०१४च्या विश्लेषणात उंदरांच्या बाबतीत हे खोटं ठरलं; नरांची मोजमापंही तेवढीच बदलतात.

आणि ‘व्यसनी म्हणजे पुरुष’ हे तरी कितपत खरं? आपल्या गावोगावच्या आया-आज्या मशेरी लावतात. २०१६-१७च्या तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या १२.८ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरत होत्या, धूम्रपान करणाऱ्या फक्त २ टक्के. मशेरीला घरात कुणी व्यसन म्हणत नाही, त्यामुळे ती सोडवायला मदतही कुणी करत नाही. त्या बाईला काय लागू पडेल, हे पुरुषांवरच्या चाचण्यांतून कसं कळणार?