कंपनीला त्रास देऊ नका

गणपतीला गावी येणारे चाकरमानी नव्या कपड्यांबरोबर ‘कुणाला तरी होतील’ म्हणून जुन्यांचेही एक गाठोडे आणतात. आपण रत्नागिरीत राहत असा वा सिंधुदुर्गात, हे गाठोडे हसतमुखाने घ्यावे आणि पुढे त्याचे काय करायचे हा प्रश्न कपडे विकणाऱ्या कंपनीच्या कानापर्यंत जाऊ देऊ नये.

पूर्वी नऊवारी विरली की तिची गोधडी होई, गोधडी फाटली की पायपुसणे. पॉलिएस्टरच्या कुर्त्यावरही हा प्रयोग अवश्य करावा. तो पाणी शोषत नाही, चुलीजवळ नेला तर वितळतो आणि परड्यात पुरला तरी कुजत नाही. मात्र दोष कापडाला न देता, आपल्यातच पूर्वीची काटकसर उरली नाही, अशी खंत करावी. पावसाळ्यात वहाळात टाकलेला कुर्ता खाडीतून समुद्रात जातो आणि रापणीच्या जाळ्यात मासळीबरोबर वर येतो. तेव्हा विकलेला माल परत घेण्याची सोय आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणू नये. फक्त परत घेणारा रापणकर असतो, एवढेच.

कायद्यातील एक बारकावा येथे समजून घेतला पाहिजे. नवा शर्ट ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत येतो, तिच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकावर आहे. ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ या भारदस्त नावाने ती प्लॅस्टिकच्या वेष्टनांना लागू आहे, ई-कचरा, बॅटऱ्या आणि टायर यांनाही आहे. पिशवीच्या आतला शर्ट मात्र, मग तोही खनिज तेलापासूनच का बनलेला असेना, मोकळा आहे. पाण्याच्या बाटल्या वितळवून त्यांचे टी-शर्ट केले की पर्यावरणाचे रक्षण होते आणि बाटलीला जबाबदारीतून मोक्षही मिळतो. असा टी-शर्ट दिसला की दोन घ्यावेत.

फ्रान्सने २००७ मध्येच कपड्यांच्या कचऱ्याचा भार उत्पादकांवर टाकला. तेथे बाजारात आणलेल्या प्रत्येक नगामागे कंपन्या शुल्क भरतात, त्यातून जुने कपडे गोळा होतात, निवडले जातात, आणि कपडा टिकाऊ असेल तर शुल्कात सवलतही मिळते. नेदरलँड्सने १ जुलै २०२३ पासून तोच मार्ग धरला. २०२५ मध्ये युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांना अशी व्यवस्था उभारण्यासाठी तीस महिन्यांची मुदत दिली. अशा अतिरेकी देशांचे दाखले ग्रामसभेत देऊन बैठकीचा रसभंग करू नये.

शुल्क लावले तर कपडे महागतील, ही भीती मात्र मनापासून बाळगावी. आज शर्ट स्वस्त आहे, कारण त्याचा उरलेला खर्च दुकानाच्या पावतीवर छापत नाहीत. तो घरपट्टीच्या बिलात स्वच्छता कराच्या ओळीत येतो. ते बिल मुदतीत भरावे. उशीर झाल्यास दंड आपल्याला होतो, कंपनीला नव्हे.