‘भूत म्हणजे भूत’ म्हणणाऱ्या देवगडच्या काकांना

नमस्कार काका,

‘नोस्फेराटू’ या रक्तपिपाशाच्या जुन्या जर्मन सिनेमावरच्या लेखाखाली तुम्ही मला चांगलंच झाडलंत: “भूत म्हणजे भूत, तेका कसलो अर्थ? आणि त्या रक्तपिपाशांचा आपल्या कोकणाशी संबंध काय?”

जिथेतिथे अर्थ उकरू नये, हे कबूल. त्या सिनेमातलं भूत उन्हाने मरतं, यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिलीत. मला विचाराल तर सिनेमावाल्यांना शेवट हवा होता, बस्स. ज्यावरून हा सिनेमा बेतला, त्या ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला रक्तपिपासू ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाढवळ्या हिंडतो.

प्लेगचं मात्र तसं नाही. कादंबरीत ही साथ नाहीच. १९२२ मध्ये दिग्दर्शक मुर्नाऊ आणि मंडळींनी ती मुद्दाम घातली. गोष्ट विनापरवाना उचलली होती, पण ते लपवायला नावं बदलून भागलं असतं. (भागलं नाही. स्टोकरच्या बायकोने कोर्टात खेचलंच.) जहाजावरचा प्रसंग पुन्हा बघा. खलाशी कुऱ्हाडीने पेटी फोडतो आणि आधी बाहेर पडतात ते उंदीर. मग जिवंत माणूस नसलेलं जहाज आपसूक बंदराला लागतं. गावात दवंडी पिटतात, दारांवर खडूने फुल्या मारतात, रस्त्याने शवपेट्यांची रांग निघते. महायुद्ध आणि १९१८ ची फ्लूची साथ नुकतीच सोसलेल्या जर्मन माणसाला याचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागला असेल?

आता कोकण. आपला देवचार, म्हणजे गावाचा राखणदार, हद्द राखतो. त्याचा मान त्याला दिला की घरात डोकावत नाही. ड्रॅक्युलाचा कायदा वेगळा. घरातल्या कोणीतरी ‘ये’ म्हटल्याशिवाय त्याला पहिल्यांदा उंबरा ओलांडता येत नाही. त्यामुळे दाराशी कोण आलंय यापेक्षा दार कोण उघडणार, याचीच धास्ती जास्त. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तेव्हा माणसं गावाकडे पळाली. २०२० ला चाकरमानी आले, तर कितीतरी गावांनी त्यांना आधी शाळेत ठेवलं. सख्खा भाऊ वेशीवर उभा, आणि त्याला आत घ्यायचं की नाही यावर माजघरात कुजबुज. तुम्ही तेव्हा गावातच असणार, मी काय सांगू?

‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका तुम्हाला “नुसती भुताची” म्हणून आवडली, म्हणता. नाईकांच्या जमिनीची भांडणं त्यातून काढा आणि किती भाग उरतात ते मोजा. पुढचा लेख त्यावरच लिहितोय, तेव्हा पुन्हा भांडू.