मामांच्या दोन हजेऱ्या

आज सात तारीख, पगाराचा दिवस. सुटताना गेटवर मामांनी मला बाजूला घेतलं आणि खिशातली चिठ्ठी उलगडून हातात दिली. "साहेब, जरा बगा की. दोन दिस कमी दिसत्यात." फेब्रुवारीत कामाचे दिवस २४. मामांची हजेरी २२. कुठले दोन दिवस कापले हे मस्टर उघडून बघायची गरजच नव्हती. त्या गुरुवारी आणि शुक्रवारी मामा माझ्याबरोबर पुण्याजवळ भोसरीला सेफ्टीच्या ट्रेनिंगला होते.

तिथूनच कंत्राटदाराच्या माणसाला फोन लावला. तो म्हणतो, "ट्रेनिंगला गेलते न्हवं? मग कामावर कुठं होते?"

तेव्हापासून डोकं फिरलंय. घरी ताट वाढून ठेवलंय, पण आधी हे लिहितो, मग जेवतो.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. कुपवाड एमआयडीसीत आमच्या कारखान्यात सगळेच त्यांना मामा म्हणतात, मॅनेजरसुद्धा. वय ५३. मिरजेच्या पूर्वेकडच्या गावातून रोज येतात. १९ वर्षं झाली, कंत्राटीच आहेत. तेवढ्यात तीन कंत्राटदार बदलले, मामा जिथल्या तिथं. सांडपाण्याच्या टाकीतला गाळ काढायचा असला, सम्पमध्ये, म्हणजे जमिनीतल्या पाण्याच्या खड्ड्यात, उतरून पंप सोडवायचा असला, की पहिला पुकारा मामांचा.

गेल्या महिन्यात बंदिस्त जागेतल्या कामाचा दोन दिवसांचा कोर्स निघाला, दोन नावं पाठवा म्हणून पत्र आलं. ऑफिसात नावं कुणाची निघाली? एक स्टोअरमधला, एक क्वालिटीचा. का, तर त्यांना दोन दिवस सोडता येतं आणि पुण्यातलं दुसरं कामही होऊन जाईल. पोरं दोन्ही चांगली आहेत, माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. पण त्यांनी आयुष्यात टाकीचं झाकण उचललेलं नाही! मी म्हटलं, आत उतरतो कोण? मामा. मग मामांना पाठवा. वर उभा राहून परमिटवर, म्हणजे आत उतरायच्या लेखी परवानगीवर, सही कोण करतो? मी. मग मला पाठवा. तीन दिवस मागं लागलो तेव्हा हो म्हणाले. वर ऐकवलंच, "कंत्राटी माणसाला शिकवून काय उपयोग, उद्या दुसरीकडं जाईल." अहो, १९ वर्षांत गेला नाही तो माणूस आता कुठं जाणार आहे?

पत्रासोबत यादी होती. आधारची झेरॉक्स, दोन फोटो, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट, सेफ्टी शूज, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, आणि दाढी गुळगुळीत केलेली पाहिजे. माझी तयारी अर्ध्या तासात झाली. मामांच्या तयारीला दहा दिवस लागले, आणि त्या दहा दिवसांत मला जे दिसलं ते इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोरच होतं.

आधी बूट. स्टोअर म्हणालं, कंत्राटी माणसाला बूट कंत्राटदार देतो. कंत्राटदार म्हणाला, कंपनी देते. या दोघांच्या मध्ये मामांनी १९ वर्षं चपलेवर काढली. टाकीत उतरायला एक गमबूट आहे, तो सगळ्यांत मिळून एकच जोड. शेवटी माझा जुना जोड दिला. एक नंबर मोठा होता, मामांनी पुढं वर्तमानपत्र कोंबून बसवला.

मग फिटनेस. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि पुन्हा बांधला. १७०/१००. "गोळी चालू आहे का?" मामांना वाटलं डोकेदुखीची गोळी विचारतायत. रोज एक गोळी सुरू केली, आठवड्यानं परत बोलावलं, मग सही मिळाली. म्हणजे हा माणूस इतकी वर्षं टाकीत उतरत होता आणि एकदाही कुणी त्याच्या दंडाला पट्टा बांधला नव्हता. परमिटवर 'कामगाराची प्रकृती ठीक' असा एक रकाना असतो. त्यात टिक करणारा मीच होतो.

आणि दाढी. नातू मोठ्या दुखण्यातून उठला म्हणून मामांनी जोतिबाला बोललेलं, चैत्र यात्रेपर्यंत दाढीला वस्तरा लावणार नाही. यात्रेला अजून दीड महिना होता. मी समजावलं, मामा, श्वासाचा मास्क कातडीला चिकटून बसावा लागतो, मध्ये केस आले की फटीतून बाहेरची हवा आत येते. मामा दोन दिवस काही बोलले नाहीत. निघायच्या संध्याकाळी आले ते दाढी करून. गाल एकदम पांढरेफटक दिसत होते. म्हणाले, "देवाला सांगितलंय, जीवाचं काम हाय म्हनून. यात्रेला दंडवत घालीन."

ह्या माणसाची हजेरी कापली!

रात्री ११ची एसटी होती, मामा साडेनऊलाच स्टँडवर हजर. पायात चप्पल आणि बूट खताच्या रिकाम्या पिशवीत बांधून मांडीवर. मी म्हटलं, वर ठेवा की. "नगं, तुमचं बूट हायती." मामींनी दोघांपुरत्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी दिलेली. पेठ नाक्यावर गाडी हायवेला लागली तसा मला डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी खंबाटकीच्या बोगद्यात होती आणि मामा खिडकीला नाक लावून बसलेले. मला म्हणाले, "साहेब, ह्येच्यात वारा कुटनं येत असंल?"

मी त्या बोगद्यातून शंभर वेळा गेलो असेन. मला हा प्रश्न कधी पडला नाही.

पहाटे स्वारगेट, तिथून भोसरी. सगळेच कोर्स कामाचे असतात असं मी म्हणणार नाही. एसी हॉल, इंग्रजी स्लाइड, समोसा आणि सर्टिफिकेट असले कोर्स मीही केलेत. इथंही स्लाइड इंग्रजीच होत्या. पण शिकवणारे सर स्वतः प्लांटवर राबलेले, त्यांनी पहिल्या तासालाच प्रोजेक्टर बंद केला आणि सगळ्यांना अंगणातल्या लोखंडी टाकीकडं नेलं. गॅसचा मीटर मामांच्या हातात दिला. ऑक्सिजन, जळणारा वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड, चारही एका पडद्यावर. बाहेर हवेत ऑक्सिजन २०.९ दाखवतो, १९.५च्या खाली गेला की आत पाय टाकायचा नाही. मीटर दोरीनं सोडायचा आणि वर, मध्ये, तळाशी असा तीन ठिकाणी बघायचा, कारण मिथेन हलका, तो वर जमतो, हायड्रोजन सल्फाइड जड, तो खाली बसतो. आणि एकदा बघून भागत नाही. गाळात फावडं घातलं की खाली अडकलेला गॅस सुटतो, म्हणून काम चालू असेपर्यंत मीटर अंगावर पाहिजे.

सरांनी विचारलं, "मामा, तुम्ही आजवर कसं ओळखायचात?" मामा सरळ म्हणाले, "वासावरनं. झाकान काढून ठिवायचं. कुजक्या अंड्यागत वास येतूय तवर थांबायचं. वास गेला की उतरायचं."

सर म्हणाले, हा गॅस थोडा असला तर वास येतो. शंभर पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, आसपास गेला की नाकच बधिर होतं. वास गेला याचा अर्थ गॅस गेला असा नाही, कधी कधी गॅस वाढला असा असतो.

मामांनी मीटर हळूच टेबलावर ठेवला. दुपारी नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळं केलं, हार्नेस म्हणजे दोरी अडकवायचे पट्टे अंगावर घातले, मास्क लावला, टाकीच्या तोंडावरच्या तिपाईवरून खाली सोडून घेतलं, आत पडलेल्याच्या मागं उडी न मारता वरून दोरीनं कसं ओढायचं तेही केलं. लेखी परीक्षा इंग्रजीत होती, सरांनी मामांना तोंडी विचारली. २०पैकी १७. मला १८. हे सांगतोय ते 'त्याला काय कळणार' म्हणणाऱ्यांसाठी.

परतीच्या गाडीत मामा गप्पच होते. खंबाटकीचा घाट चढताना गाडीतले दिवे बंद होते. तेव्हा म्हणाले, "वास गेला म्हनून मीच त्येला उतर म्हनलं हुतं." कुणाला, कुठं, किती वर्षांपूर्वी, मी विचारलं नाही. आमच्या कारखान्यातली गोष्ट नव्हे, त्याच्याही आधीची. घाट उतरून सुरूरच्या पुढं येईपर्यंत मामा पंच्याच्या टोकानं डोळे पुसत होते. पहाटे सांगलीत उतरलो. मी घरी जाऊन झोपलो. मामा सातच्या पाळीला हजर होते.

आणि ह्या दोन दिवसांना म्हणायचं, कामावर नव्हते?

परवा ४ मार्चला आमच्याकडं राष्ट्रीय सुरक्षा दिन झाला. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून हा दिवस पाळतात. बॅनर लागला, छातीला बिल्ले लागले, सगळ्यांनी हात पुढं करून शपथ घेतली. मामा पहिल्या रांगेत होते, शब्द न् शब्द मोठ्यानं म्हणत होते. त्यांचा फोटोही काढला, ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं की आमच्या कंत्राटी कामगारांनाही आम्ही प्रशिक्षण देतो. फोटो कंपनीचा आणि कापलेला दोन दिवसांचा रोज मामांचा? तीन दिवसांनी चिठ्ठी आली ती ही.

कंत्राटी म्हणजे आपला नाही, हे कुणी ठरवलं? १९४८च्या कारखाने कायद्यात कामगाराच्या व्याख्येतच ठेकेदारामार्फत लावलेला माणूस धरला होता. भोपाळ १९८४ साली झालं, त्यानंतर १९८७ साली त्याच कायद्यात दुरुस्ती करून कलम १११अ घातलं, सुरक्षेचं प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क आहे म्हणून. कलम ३६ तर पहिल्यापासून सांगत आलं की जाणकार माणसानं तपासून लेखी दिल्याशिवाय टाकीत उतरवायचं नाही, नाहीतर श्वासाचं उपकरण पाहिजे आणि कमरेच्या पट्ट्याला बांधलेल्या दोरीचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात पाहिजे. आता नोव्हेंबर २०२५पासून त्या कायद्याच्या जागी कामगारांच्या सुरक्षेची नवी संहिता आलीय. जुना कायदा म्हणा, नवी संहिता म्हणा, टाकी तीच आहे आणि उतरणारा माणूसही तोच आहे. आमच्याकडं मीटरसुद्धा आहे. सेफ्टीच्या कपाटात, कुलपात, कॅलिब्रेशनची, म्हणजे आकडे बरोबर दाखवतो का हे तपासून घ्यायची, तारीख उलटून गेलेला.

कंत्राटदाराची बाजू आहे, नाही असं नाही. कंपनी त्याला हजेरीवर बिल देते, भोसरीच्या दोन दिवसांचे पैसे त्याला मिळालेले नाहीत. बरं, मग कंपनीनं द्यावेत. माझा पगार नाही कापला! मला तर वर प्रवासभत्ता मिळाला. एकाच गाडीत शेजारी बसून गेलो, एकाच टाकीत उतरलो, एकाच डब्यातली भाकरी खाल्ली. माझे दोन दिवस ड्यूटी आणि मामांचे दोन दिवस खाडा. ट्रेनिंगला गेलं की चूल बंद पडते हे एकदा कळलं, की पुढच्या वेळी कुठला कंत्राटी माणूस नाव देईल? मग आहेतच स्टोअर आणि क्वालिटी, पुण्यातलं दुसरं काम करून यायला.

हे लिहितानाच मामांचा फोन येऊन गेला. मामींनी लावून दिला असावा. "साहेब, लई वाढवू नगा. दोन दिसाचं काय, जाईल निभावून. न्हाईतर फुडल्या टायमाला मला न्हेनार न्हाईत."

मला वाटलं होतं नोकरीची भीती घालून कुणीतरी गप्प केलं असेल. तसं नव्हतं. ट्रेनिंगच्या शेवटी सरांनी सांगितलेलं की वर्षाच्या आत उजळणीचा एक दिवस असतो. मामांना तिथं परत जायचंय. वयाच्या ५३व्या वर्षी पहिल्यांदा कुणीतरी त्यांना त्यांच्याच कामाबद्दल काही शिकवलं, आणि ते पुन्हा मिळणार नाही म्हणून हा माणूस दोन दिवसांचा रोज सोडून द्यायला तयार आहे. मला फोनवर बोलवेना.

उद्या पहिल्यांदा हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसला जाणार आहे. ट्रेनिंगचं पत्र, दोघांचं सर्टिफिकेट आणि एसटीची तिकिटं घेऊन जातोय. मामांच्या २४ हजेऱ्या लागल्या की मगच कामाच्या शेडमध्ये पाय ठेवीन. आणि दोन नंबरच्या टाकीचं झाकण ह्या आठवड्यात उघडायचंय, परमिट माझ्या सहीला येईल. मामांना मी फोनवर सांगितलं, मीटर कपाटातून निघून कॅलिब्रेट होऊन येत नाही तोवर मी सही करणार नाही, कुणाचाही फोन येऊ दे.

मामा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अजाबात करू नगा."