"पण बायको तशीच होती ना!"

आज वाचनगटातून डोकं फिरवून घेऊन आलेय. चहासुद्धा टाकला नाही, आधी हे लिहितेय.

फर्डिनांड फॉन शिराख या जर्मन लेखकाच्या २००९ च्या कथासंग्रहातली पहिलीच कथा होती, 'फेनर'. रोटवाइलचा एक पापभीरू डॉक्टर. मधुचंद्रात बायकोला शब्द देतो, तुला कधी सोडणार नाही. ती जन्मभर त्याला घालूनपाडून बोलते. म्हातारपणी तो तिच्यावर कुऱ्हाड चालवतो. शिक्षा? तीन वर्षं. आणि आमचा सगळा गट हळहळला तो डॉक्टरसाठी! एक काका म्हणाले, "पण बायको तशीच होती ना!" सगळे हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले. त्याचाच राग आलाय जास्त.

लेखक फौजदारी वकील आहे, आरोपीचीच बाजू मांडणार, मान्य. पण त्या बायकोला, इंग्रिडला, कथेत तोंड आहे ते फक्त ओरडण्यापुरतं.

मला एकदम माझा चष्मा आठवला. चोवीस वर्षांची होते, नंबर उणे सहा, आणि पाहुणे यायच्या आधी आत्याने तो काढून घेतला. "डोळे बारीक दिसतात गं." पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तर समोर नुसते रंगीत ठिपके.

तर पुढे ऐका. याच मंडळींना युडिट हेरमानची 'सोमरहाउस, श्पेटर' 'थंड' वाटली. १९९८ ची कथा. श्टाइन नावाचा माणूस पडकं घर विकत घेतो, कथा सांगणाऱ्या बाईला दाखवतो, मग पत्रं पाठवत राहतो. ती ये म्हणत नाही, नको म्हणत नाही. शेवटी घर जळाल्याचं कात्रण येतं, ते ती खणात टाकते. नंतर बघू. "हिला प्रॉब्लेम काय आहे?" म्हणे! कुऱ्हाडवाल्याचं मन सगळ्यांना कळलं, हिचं नाही. तिकडे जर्मनीत तरी काय वेगळं? अशा चार जणी लिहायला लागल्या, तर १९९९ मध्ये 'श्पीगल' साप्ताहिकाने नाव दिलं 'फ्रॉइलाइनवुंडर'. कुमारिकांचा चमत्कार! बाप्यांचा चमत्कार ऐकलाय कधी?

(हेरमानच्या कथांतल्या बायका सिगारेटी फार ओढतात. कंटाळा मलाही येतो. बरं.)

इंगेबोर्ग बाखमानची मिरांडा मात्र माझी. १९७२ च्या 'सिमुल्टान' या कथासंग्रहातली. चष्म्याशिवाय तिला काही दिसत नाही, तरी ती तो हरवते, विसरते, कारण जग स्वच्छ दिसलं की सोसवत नाही. शेवटी काचेच्या दारावर आपटते. पण चष्मा तिने स्वतः टाकलाय हो. माझा काढून घेतला होता. मुलगा समजून मी लाजत पहिली बशी ज्याला दिली, तो त्याचा मामा निघाला.

आत्यावर कित्येक वर्षं राग होता. आता लिहिता लिहिता आठवतंय, पाहुणे गेल्यावर तिने चष्मा पदराने पुसून माझ्या हातात दिला आणि आत जाता जाता म्हणाली, "माझाही काढायला लावला होता."