हाड आपोआप जुळतं, पण कसं?

'हाड मोडलं तरी ते आपोआप जुळतं. प्लेट हा डॉक्टरांचा धंदा. हाडवैद्याची पट्टी २१ दिवस ठेवा, बोटं हलतायत म्हणजे सगळं ठीक. नाहीच जमलं तर ऑपरेशन काय, कधीही होतं.' हा मेसेज आमच्या मेहुण्याने मनावर घेतला आणि दुचाकीवरून पडून मोडलेला हात कामट्यांत बांधून बसला. आता मनगटाला करंगळीच्या बाजूने टेंगूळ आलंय, तळहात उताणा होत नाही. उजव्या हातावर तीर्थसुद्धा घेता येत नाही.

हाड जुळतं, हे मान्य. लहान मुलांचं तर बहुतेकदा नुसत्या प्लास्टरने छान जुळतं. पण मोठ्या माणसाचं अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटाच्या वर मोडलं आणि शेजारच्या हाडाशी असलेला सांधाही निखळला, तर गोष्ट वेगळी. मिलानचे हाडांचे डॉक्टर गालेआझी यांनी १९३४ साली या दुखापतीचं वर्णन केलं, तिला त्यांचंच नाव आहे. इथे स्नायू मोडलेला तुकडा सतत ओढत राहतात. प्लास्टरही त्याला धरून ठेवू शकत नाही, कामट्या काय धरणार! अमेरिकेतले हाडांचे डॉक्टर ह्यूस्टन यांनी १९५७ मध्ये ऑपरेशनशिवाय उपचार झालेले ३८ रुग्ण तपासले. ३५ जणांचा निकाल असमाधानकारक होता.

बोटं हलण्याचा आणि हाड शाबूत असण्याचा काही संबंध नाही. उलट पट्टी करकचून बांधली तर रक्तपुरवठा तुटून बोटं कायमची आखडू शकतात.

सगळ्यात घातक ते 'कधीही होतं'. ताज्या दुखापतीत हाड नीट बसवून प्लेट लावली की सांधा बहुधा आपसूक जागेवर येतो. काही आठवडे उलटले की वाकडं जुळलेलं हाड पुन्हा कापायचं, आखडलेले स्नायू ताणून लांबी मिळवायची, प्लेट लावायची, गरज पडली तर कमरेचं हाड काढून भरायचं. एवढं करून सांधा बसला नाही तर तारा घालायच्या, नाहीतर अस्थिबंध नव्याने बांधायचे. सांधा झिजलाच असेल तर तो कायमचा जोडून टाकतात आणि हात फिरावा म्हणून वरच्या बाजूला करंगळीकडच्या हाडाचा तुकडा काढतात. इतकं करून हात पूर्ण फिरेल याची खात्री नाहीच. डॉक्टरांच्या धंद्याचा एवढा राग असेल, तर हे दुसरं बिल बघा.

एक्स-रे काढताना मनगट आणि कोपर दोन्ही आले पाहिजेत, समोरून आणि बाजूनेही. नुसत्या मोडलेल्या जागेचा फोटो घेऊन घरी येऊ नका.