‘जज यांना एक तास जास्त देणार का?’ या फॉरवर्डला उत्तर

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. मथळा ‘देशाचे भावी वकील बघा!’ आणि खाली मजकूर असा : लॉ कॉलेजात अपंगांच्या नावाखाली नुसते लाड चाललेत. पेपरला एक तास जास्त मिळतो. रायटर, म्हणजे सांगितलेलं उत्तर लिहून घेणारा लेखनिक, बसवून देतात आणि पेपर तोच सोडवतो. धडधाकट मुलं हात दुखतो म्हणून सवलत लाटतात, खोटे दाखले काढतात. नोट्स आयत्या मिळतात. राखीव जागांपायी हुशार मुलं बाहेर राहतात. आणि शेवटी टाळ्यांचं वाक्य : ‘उद्या कोर्टात जज यांना एक तास जास्त देणार आहेत का?’

असले मेसेज मी सोडून देते. हा मात्र आमच्या घरच्या ग्रुपवर पडला, आणि त्या ग्रुपवर माझी भाची आहे. लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती. लिहायला घेतलं की थोड्या वेळात तिची बोटं आखडतात, मग पेन धरवत नाही. दाखल्यावर अपंगत्वाची टक्केवारी चाळीसच्या आत. यंदा पहिल्यांदाच रायटर मागायचा तिनं ठरवलं होतं. मेसेज वाचून मला विचारते, ‘मावशी, नकोच मागू का? पोरं म्हणतील नाटक करते.’

म्हणून आता सविस्तर.

शेवटच्या वाक्यापासूनच धरते. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हा मजकूर लिहिणारा त्या बाबतीत तरी शहाणा दिसतो, कारण कोर्टात काय चालतं हे त्यानं पाहिलेलंच नाही. मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. तिथे एक तास सोडा, महिनामहिना जास्त मिळतो. तारीख मागायला कुणाला अपंगत्वाचा दाखला जोडावा लागत नाही. ‘वकीलसाहेब वरच्या कोर्टात गुंतलेत’ एवढ्यावर काम पुढे जातं.

आणि रायटरचं म्हणाल, तर कोर्ट चालतं सांगून लिहून घेण्यावरच. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून गावाकडच्या बोलीत काहीतरी सांगतो, न्यायाधीश त्याचं नीट वाक्य करून टंकलेखकाला सांगतात, तो टाइप करतो. निकालपत्र न्यायाधीश लघुलेखकाला तोंडी सांगतात. आमचे दावे, कैफियती, अर्ज आम्ही ज्युनिअरला किंवा टायपिस्टला सांगतो. हातानं पानंच्या पानं लिहिणारा वकील मी तरी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. म्हणजे वकिलीत जे हाताचं काम कुणीच करत नाही, त्यावरून परीक्षेत एका मुलीची लायकी ठरवायची, आणि वर तिलाच विचारायचं की कोर्टात तुझं कसं होणार!

कसं होतं तेही सांगते. संतोषकुमार रुंगटा अंध आहेत आणि ज्येष्ठ वकील म्हणून नामनिर्देशित आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकील सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह सर्वोच्च न्यायालयात हजर झाल्या, ते सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या न्यायासनापुढे. मध्य प्रदेशात अंध आणि अंशतः अंध उमेदवारांना न्यायाधीश होण्यापासूनच अडवणारा नियम होता. एका आईच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानं तो विषय हाती घेतला आणि मार्च २०२५ मध्ये नियम रद्द केला. तेव्हा जज जास्त वेळ देतील की नाही ही काळजी राहू द्या, समोर बसलेला जजच उद्या अंध असू शकतो.

आता ‘धडधाकट मुलं हात दुखतो म्हणून’. या ओळीचा मला जास्त राग आहे, कारण नेमकी हीच भाचीला लागली.

विकास कुमार नावाचे एक उमेदवार होते. त्यांना रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा विकार. नागरी सेवा परीक्षेसाठी त्यांनी लेखनिक मागितला. लोकसेवा आयोगानं कायद्यातल्या ४० टक्के अपंगत्वाच्या पट्टीवर बोट ठेवून नाही म्हटलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ११ फेब्रुवारी २०२१ रोजी तीन न्यायाधीशांच्या पीठानं निकाल दिला : ४० टक्क्यांची अट राखीव जागांसारख्या लाभांसाठी आहे, लेखनिकासाठी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात गरजेप्रमाणे वाजवी बदल करून देणं हे कर्तव्य आहे, मेहरबानी नाही. काही जण गैरफायदा घेतील या भीतीनं गरजूला अडवता येत नाही, कडक निकष लावा आणि तपासा, हेही त्यात आलं. न्यायालयानं सरकारला नियमावली करायला सांगितली, ती १० ऑगस्ट २०२२ ला निघाली. त्यानुसार ४० टक्क्यांखालच्यांनाही सरकारी वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावर लेखनिक आणि जादा वेळ मिळू लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बँक परीक्षेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा तेच बजावलं.

हा निकाल ज्यांच्या अभ्यासक्रमातला, त्याच लॉच्या पोरांनी हा मेसेज फॉरवर्ड करावा, याला काय म्हणावं?

दिसत नाही म्हणून दुखणं नाही, हे तर्कट कायद्यानं केव्हाच मोडीत काढलंय. त्यातल्या अपंगत्वाच्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, मानसिक आजार आहे, मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे, आमच्या विदर्भातल्या घराघरांना माहीत असलेला सिकलसेलही आहे. यातलं काय चेहऱ्यावर दिसतं?

रायटरच पेपर सोडवतो म्हणे. रविवारी सराव म्हणून शेजारची अकरावी सायन्सची मुलगी भाचीपुढे बसवली. प्रश्न टॉर्टचा, म्हणजे दिवाणी नुकसानभरपाईच्या कायद्यातला. भाची म्हणाली, ‘डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन.’ मुलगी म्हणाली, ‘कोण?’ मग डी-ओ-एन-ओ-जी-एच-यू-ई, एकेक अक्षर. पुढे ‘रेस इप्सा लॉक्विटर’ हे लॅटिन आल्यावर तिनं पेनच खाली ठेवलं. मध्येच भाची म्हणायची, ‘वरचा पॅरा वाचून दाखव’, कारण आपण काय लिहवून घेतलं ते डोक्यात किती वेळ धरणार? उत्तर चांगलं झालं, पण घड्याळ कुठल्या कुठे गेलं. स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी लागतं, ते याचसाठी. अकरावीतली ती पोर टॉर्टचा पेपर सोडवणार असेल तर तिलाच सनद देऊन टाका.

तो ‘एक तास’ही असा खर्ची पडतो. नियम तासाला किमान वीस मिनिटांचा आहे. तीन तासांच्या पेपरला साठ मिनिटं, दोन तासांच्या क्लॅटला, म्हणजे लॉच्या प्रवेश परीक्षेला, चाळीस. पेपर तोच, तपासणारा तोच, पास व्हायचे मार्कही तेच.

खोट्या दाखल्यांबद्दल मेसेजात एक ओळ आहे. ती मला नाइलाजानं अर्धी मान्य करावी लागेल. खोटे दाखले निघतात. २०२४ मध्ये पुण्यातल्या प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून किती गदारोळ झाला ते सगळ्यांनी पाहिलं, आयोगानं ती उमेदवारी रद्दही केली. लेखनिकाकडून उत्तरं काढून घेण्याचे प्रकार होतच नाहीत, असंही मी छातीठोक सांगणार नाही. मग दाखले तपासा, वर्गात कॅमेरा लावा, पर्यवेक्षक जवळ बसवा. भाचीनं तिच्या दाखल्यासाठी सरकारी रुग्णालयाच्या बाकड्यावर बसून काढलेले दिवस मी पाहिलेत. तपासणीला ती घाबरत नाही. टोमण्यांना घाबरते.

आयत्या नोट्स? फोटो काढून, वाकडे स्कॅन करून बनवलेली पीडीएफ अंध मुलाच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचताच येत नाही. तो ‘ग्राफिक’ म्हणतो आणि गप्प बसतो. पुस्तक वाचता येईल अशा रूपात करून घ्यायला कॉपीराइट कायद्यानं २०१२ पासून मुभा दिली आहे. तरी ते काम बहुतेक वेळा मुलाच्या मित्रांच्या आणि आईबापांच्या गळ्यात पडतं.

राखीव जागा ५ टक्के. साठच्या तुकडीत तीन. या तीन जागांनी गुणवत्ता बुडते म्हणणाऱ्यानं मॅनेजमेंट कोट्याबद्दलही एखादा मेसेज लिहावा, मी स्वतः फॉरवर्ड करेन. आणि याही जागा सुखासुखी मिळालेल्या नाहीत. लॉ कॉलेजं त्या भरत नाहीत म्हणूनच डिसेबल्ड राइट्स ग्रुप ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयानं विषय सगळ्याच शिक्षणसंस्थांपर्यंत वाढवला आणि डिसेंबर २०१७ मध्ये त्यांना कायद्याप्रमाणे जागा द्यायला बजावलं.

भाचीसारख्या मुलामुलींना एक सांगायचंय. परीक्षा फॉर्ममध्ये लेखनिकाचा रकाना असेल तर तो कोरा सोडू नका. रकाना नसेल तर साध्या कागदावर अर्ज लिहा, विकास कुमार निकालाचा आणि लेखनिकाच्या सध्या लागू असलेल्या सरकारी नियमावलीचा उल्लेख करा, दाखल्याची प्रत जोडा आणि पोच घ्या. ऑफिसातून ‘चाळीस टक्के नाहीत, बसत नाही’ असं उत्तर आलं तर ते लेखी मागा. भाचीचा अर्ज काल गेला, पोच माझ्याकडे आहे.