‘अजून सीझनची सुरुवातच आहे’ म्हणणाऱ्यांनो, जरा गप्प बसा

यापुढे कुणी मला ‘अगं, अजून सुरुवातच आहे, १६२ मॅचेस असतात’ असं सांगितलं ना, तर माझा तोल जाणार आहे. १६२ असतात हे मला ठाऊक आहे. मी अमेरिकेत पिट्सबर्गला राहते, इथल्या पायरेट्स या बेसबॉल टीमची फॅन आहे. यांच्या १६२ मॅचेस किती लांबलचक असतात हे मला कुणी शिकवू नये.

कालचीच घ्या, १८ मे २०२५ ची. फिलाडेल्फियात आमचा पिचर, म्हणजे बॉलर, पॉल स्कीन्स आठ इनिंग टाकतो, एक रन देतो. एक! आणि आम्ही १-० ने हरतो. आमच्या बाजूने पूर्ण मॅच त्या एकट्याने ओढली, दुसऱ्या कुणाला बॉल हातात घ्यायची वेळ आली नाही, आणि नावावर काय लागलं, तर पराभव. समोर फिलीजचा, म्हणजे फिलाडेल्फियाच्या टीमचा, मिक एबल नावाचा पिचर पोरगा होता, मेजर लीगमधली, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमधली, त्याची पहिलीच मॅच. पहिलीच! त्याने आमचे नऊ बॅटर स्ट्राइकआऊट केले, म्हणजे बॉल नीट मारूच न देता बाद केले. कुणीही नवीन मुलगा आणा आणि आमच्यासमोर उभा करा, त्याचं करिअर मार्गी लागतं. समाजसेवाच आहे ही.

क्रिकेटवाल्यांना कळावं म्हणून सांगते. बुमराने चार ओव्हर्समध्ये आठ रन देऊन पाच विकेट काढायच्या, दुसरी टीम साठात गुंडाळायची, आणि मग आपल्या बॅटिंगने पन्नासात लोळण घ्यायची. हे एकदा झालं तर आपण दैव म्हणू. इथे २०२५ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून कालपर्यंत आमच्या टीमने एकाही मॅचमध्ये चाराच्या वर रन केले नव्हते. एकाही! चुकून, समोरच्याने बॉल सोडला म्हणून, वाऱ्याने गेला म्हणूनसुद्धा नाही.

सुरुवातच अशी झाली होती. २७ मार्चला मायामीत पहिली मॅच, स्कीन्सने आघाडी हातात देऊन बॉल सोडला, मागून आलेल्यांनी ती उधळली आणि शेवटच्या इनिंगमध्ये ५-४ ने हरलो. त्या सिरीजमध्ये चारपैकी तीन हरलो, तिन्ही अगदी शेवटच्या बॉलवर म्हणावं अशा. शेवटची इनिंग टाकून मॅचेस संपवण्यासाठी ठेवलेला डेव्हिड बेडनार, इथलाच भूमिपुत्र, आठवड्याच्या आत त्याला खालच्या लीगमध्ये पाठवून दिलं. तेव्हाही ऑफिसातले सगळे शांतपणे कॉफी पीत म्हणाले, ‘इट्स अर्ली’.

८ मेला मॅनेजर, म्हणजे आपल्याकडचा कोच, डेरेक शेल्टनला काढलं. तेव्हा आम्ही १२ जिंकल्या होत्या आणि २६ हरलो होतो. आता जरा हिशोब करू, कारण ‘सुरुवातच आहे’वाले कधीच हिशोब करत नाहीत. उरल्या १२४. नुसते निम्मे सामने जिंकायचे, म्हणजे ८१, तरी त्यातल्या ६९ जिंकायला हव्यात. म्हणजे जी टीम पूर्ण सीझनमध्ये ९० मॅचेस जिंकते, तिच्या वेगाने उरलेला उन्हाळा खेळायचा. आणि ९० जिंकायच्या असतील तर १२४ पैकी ७८. तो तर शंभरावर मॅचेस जिंकणाऱ्या टीमचा वेग झाला. कोण खेळणार तसं? हेच? एप्रिलमधली हार सप्टेंबरमधल्या हारेइतकीच हार असते. टेबलात तिला कुणी लहान म्हणून सवलत देत नाही.

आणि मजा बघा, सुरुवात चांगली असली की हे लोक ‘सुरुवातच आहे’ म्हणत नाहीत. २०२३ मध्ये एप्रिलअखेर आम्ही २० जिंकून ९ हरलेले होतो. काय ते वातावरण! शेवटी किती जिंकल्या? ७६. २०२४ मध्ये पहिल्या पाचच्या पाच जिंकल्या, ऑगस्टमध्ये ओळीने दहा हरल्या, शेवटी परत ७६. चांगली सुरुवात खोटी ठरते आणि वाईट सुरुवात तेवढी खरी ठरते, असा आमचा नियम आहे.

सांगलीहून दादाचा मेसेज येतो: ‘आपल्या मुंबईकडे बघ, यंदा पहिल्या पाचपैकी चार हरले आणि मग ओळीने सहा जिंकले. धीर धर.’ दादा, तुझ्या मुंबईचं दरवर्षीचंच होतं ते, २०१३ ते २०२५ पहिली मॅच हरायचा नवसच बोलले होते ते, आणि त्यात पाच ट्रॉफ्याही घेतल्यात. पण तुमच्याकडे टीम उभी करायला प्रत्येकाला एकूण तेवढेच पैसे असतात, २०२५ मध्ये १२० कोटी होते. मुंबईलाही तेवढेच, पंजाबलाही तेवढेच. इथे तसलं काही नाही. न्यूयॉर्कच्या मेट्सनी हुआन सोटो या बॅटरला १५ वर्षांसाठी ७६५ मिलियन डॉलर दिले. २०२५ पर्यंतचा आमचा सगळ्यात मोठा करार ब्रायन रेनॉल्ड्सचा, आठ वर्षं मिळून १०६.७५ मिलियन. सोटोची जेमतेम दोन वर्षं झाली ती.

‘छोटं शहर आहे, परवडत नाही’ हे पालुपद मला पाठ आहे. याच शहरात अमेरिकन फुटबॉलचे स्टीलर्स सहा सुपर बोल घेऊन बसलेत, हॉकीवाल्या पेंग्विन्सकडे पाच स्टॅनली कप आहेत. मान्य, त्या खेळांत पगाराला कमाल मर्यादा आहे, बेसबॉलमध्ये नाही. पण श्रीमंत टीम्सच्या पैशातला वाटा बेसबॉलमध्येही गरीब टीम्सना मिळतो की! तो जातो कुठे? हिवाळ्यात बॅटिंग सुधारायला म्हणून आणलं कुणाला, तर टॉमी फॅम आणि ॲडम फ्रेझिअर. दोघंही तिशी उलटलेले, दोघंही एकेका वर्षाच्या स्वस्तातल्या करारावर. उंटाच्या तोंडात जिरं! बॉब नटिंग २००७ पासून या टीमचे मुख्य मालक आहेत. एवढ्या वर्षांत प्लेऑफ पाहिले तीनदा, २०१३, १४, १५. वर्ल्ड सिरीज, म्हणजे इथली फायनल, शेवटची जिंकलो १९७९ मध्ये.

याच टीमने २००८ मध्ये, भारतातल्या टीव्हीवरच्या स्पर्धेतून सापडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन मुलांना करार दिला होता. (केकेआरचा रिंकू नव्हे, हा भालाफेकवाला.) बेसबॉल कधी हातात न धरलेली पोरं. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! आता वाटतं, स्वस्त होती म्हणून घेतली असतील.

बरं, हरा. हरण्याची सवय आहे, १९९३ ते २०१२ ओळीने वीस सीझन निम्म्याहून जास्त हरलेलं गाव आहे हे. पण निदान लोकांचा अपमान तरी करू नका. आमचा जुना खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे, २१ नंबरचा. बरोब्बर ३००० हिट मारलेला माणूस, निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन निघाला आणि १९७२ च्या ३१ डिसेंबरला विमान कोसळून गेला. त्याच्या मानार्थ इथल्या स्टेडियमची राइट फील्डची, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाची, भिंत २१ फुटांची बांधलीय. त्या भिंतीवरचं त्याचं ‘२१’ यांनी यंदा काढलं आणि तिथे काय लावलं? दारूच्या कॅनची जाहिरात! गावभर बोंब झाली, मग माफी मागून परत लावलं. त्यातून सावरतोय तोवर विटा. २००१ मध्ये स्टेडियम उघडलं तेव्हा लोकांनी पैसे भरून स्वतःच्या, आईवडिलांच्या, गेलेल्या माणसांच्या नावाच्या विटा बाहेर बसवून घेतल्या होत्या. त्या उखडल्या, आणि पुढचे फोटो आले ते रिसायकलिंगच्या ढिगाऱ्यातले. कुणाच्या तरी वडिलांचं नाव आहे हो त्याच्यावर!

घरच्या पहिल्याच मॅचला, न्यूयॉर्कच्या यांकीजसमोर ९-४ ने मार खाताना, अख्खं स्टेडियम ‘सेल द टीम’ ओरडत होतं. वर विमान बॅनर घेऊन फिरत होतं. मालकांनी त्यावर केलं काय, तर महिन्याभराने मॅनेजर बदलला. नवा मॅनेजर डॉन केली भला माणूस आहे, इथलाच आहे, पण तो काय स्वतः बॅट घेऊन उभा राहणार आहे? शेल्टन गेल्याने फॅमची बॅट बॉलला लागणार आहे का?

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? स्कीन्स आहे बावीस वर्षांचा. २०२४ चा रूकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवा खेळाडू; ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेले रन, फक्त १.९६. २०२५ चा पगार ८ लाख ७५ हजार डॉलर; सोटोला तेवढे पैसे आठवड्यात मिळतात. २०२९ च्या सीझननंतर तो मोकळा होईल आणि न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजेलिस त्याला उचलून नेईल. त्याच्या आधीच हे त्याला विकून मोकळे झाले तरी मला नवल वाटणार नाही. पिचर गेरिट कोलला २०१८ मध्ये असंच ह्यूस्टनला दिलं आणि दोनच दिवसांनी गावाचा लाडका मॅककचनही गेला. म्हणजे या मुलाची जी थोडी वर्षं आपल्या वाट्याला आलीत, त्यातलं एक हे असं १-० करत चाललंय. आणि मी म्हणे धीर धरायचा. कुठला धीर? दोन बॅटर आणा. हिवाळ्यात नको, पुढच्या वर्षी नको, या महिन्यात आणा. नसेल परवडत तर टीम विका आणि ज्याला परवडते त्याला चालवू द्या.